उत्तरेकडच्या खोलीची घंटा

भुताचं नंतर बघू. आधी रेणूचा फायदा काय होता ते बघा.

साताऱ्याच्या सुहासिनी मावशींना सहा महिने अमेरिकेत नेपरव्हिलला बोलावलं, की लेकीचं, आन्याचं, डेकेअर सुटणार. संध्याकाळी गरम पोळ्या. शिवाय मराठी मंडळात नाव... नवऱ्याच्या मावशीलासुद्धा किती मायेनं बोलावते हो!

मावशींच्या वाट्याला काय? विमानप्रवास, आणि 'नायगारा दाखवू' एवढं आश्वासन.

हे घडलेलं आहे. रेणू माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. थापा मारायला जी कल्पनाशक्ती लागते, ती तिच्याकडे कधीच नव्हती. जानेवारी होता. रात्र नाही, अमावस्या नाही. भर दुपार, आणि बाहेर नुसता बर्फ.

घर मात्र व्हिक्टोरियन. राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं, टोकदार छपराचं. तेव्हाच्या श्रीमंतांना नोकर हवे असत, पण दिसायला नको असत. म्हणून नोकरांसाठी मागे वेगळा अरुंद जिना. खोल्याखोल्यांत भिंतीवर एक मूठ. ती ओढली की तार खेचली जायची आणि खाली स्वयंपाकघरात त्या खोलीची घंटा वाजायची.

रेणूच्या कॉन्ट्रॅक्टरने तो जिना भिंत घालून बंद केला. तारा कापल्या. घंटांची रांग तेवढी रेणूने शोभेला ठेवली. फोटोत छान दिसते म्हणून.

मावशी आल्या त्या दिवशीच रेणूने ती रांग दाखवली.

"मावशी, वरून घंटा वाजली की चहा घेऊन यायचं हं!"

"येईन गं बाई," मावशी हसल्या. "कुठेही असले तरी येईन."

सगळेच हसले. श्रीरंगही. रेणूचा नवरा तो. आई गेल्यावर याच मावशींनी त्याला वाढवलेलं.

मग ती दुपार.

चारच्या चहाची वेळ. हा चारचा चहासुद्धा साहेबाच्याच घरून आपल्याकडे आलेला, पण ते असो. मावशी मेथी निवडत होत्या. रेणू समोर लॅपटॉप घेऊन बसलेली.

एकदम मावशी उठल्या.

"आले, आले!"

"कुठे निघालात?"

"घंटा वाजली ना."

रेणूला काहीच ऐकू आलं नव्हतं. तिने वर पाहिलं. घंटा सगळ्या गप्प.

फक्त शेवटच्या घंटेची स्प्रिंग... थरथरत होती.

ती उत्तरेकडच्या खोलीची. तिथे रिकाम्या सूटकेसेस ठेवलेल्या.

"हीटिंग सुरू झालं की घर हादरतं, मावशी. बसा तुम्ही."

"असेल बाई. आई म्हणायची, अनोळखी हाकेला तीनदा ऐकल्याशिवाय ओ देऊ नये." मावशींनी पुन्हा मेथी हातात घेतली. "पण तो हाकेचा नियम. घंटेचं कोणी सांगितलंच नाही."

दोन-चार दिवसांनी रेणू आन्याला लायब्ररीतून घेऊन आली. मावशी कप विसळत होत्या.

"आज पटकन संपवलास गं चहा."

"मी? मी आत्ता येतेय!"

"चेष्टा पुरे. वर खिडकीशी माझ्याकडे पाठ करून बसली होतीस. मान वळवायलासुद्धा तयार नाहीस. मोठी मडम!"



हळूहळू घरातले आवाज कमी व्हायला लागले. मावशींची रामरक्षा बंद झाली. गुणगुणणं बंद. उरलं फक्त... "आले, आले."

"मम्मा, आजी डझन्ट यूज अवर स्टेअर्स," आन्या एकदा म्हणाली.

रेणूने ठरवलं, बघायचंच. मावशी वर कपड्यांच्या घड्या घालत होत्या. रेणू जिन्यातच लॅपटॉप घेऊन बसली. खाली यायला दुसरी वाट नाही.

चार वाजले.

स्वयंपाकघरात पातेलं वाजलं...

रेणू धावली. मावशी चहा गाळत होत्या. खांद्यावर, केसांत पांढरी धूळ. मागची भिंत जशीच्या तशी. रंगाला साधा तडाही नाही.

"रेणू, मला घरी जाऊ दे," मावशी हळूच म्हणाल्या. "पाय दुखतात गं. त्या जिन्याच्या पायऱ्या फार उंच आहेत."

दुसरी कोणी असती तर त्याच आठवड्यात तिकीट काढलं असतं. श्रीरंग काढायला निघालाही होता.

"ऑफिसात माझा सॉफ्टवेअरचा रिलीज आहे यार," रेणू म्हणाली. "आन्याला कोण बघणार? व्हिसाचं एक्स्टेंशन टाकू. थोडेच महिने."

"आणि मावशीला काही झालं तर?"

"काय होणारेय? थकल्यात थोड्या."

श्रीरंग पुढे बोलला नाही. न बोलण्यात त्याचाही फायदा होताच.

पानगळ सुरू झाली तेव्हा मावशी परत गेल्या. एअरपोर्टवर आन्या पायांना बिलगली, तरी त्यांनी खाली पाहिलं नाही. कुठल्यातरी आवाजाकडे कान लावल्यासारख्या उभ्या होत्या.

रेणूला वाटलं, सुटलो.

मग साताऱ्याहून त्यांच्या भाचीचा, अनयाचा, फोन आला.

"वहिनी, मावशी रोज रात्री झोपेतून उठते. 'आले, आले' म्हणत चहा करते. कप घेऊन गच्चीच्या जिन्यात जाते. मी मागोमाग गेले तर... जिन्यात कोणीच नसतं. मग रिकामा कप घेऊन खाली येते. डॉक्टर म्हणतात वय झालं. काय सांगू, पार वाळलीय हो."

"किती वाजता?" रेणूने विचारलं.

अनयाने वेळ सांगितली. रेणूने घड्याळ जुळवून पाहिलं.

नेपरव्हिलमधले दुपारचे चार.

दुसऱ्या दिवशी चारला रेणू उत्तरेकडच्या खोलीत गेली. बंद खोली. सूटकेसेस. खिडकीच्या फळीवर कपाच्या बुडाचा गोल, ओला डाग. तिने बोट लावलं.

गरम.

आणि वास... गवती चहाचा. रेणूच्या घरात गवती चहा कधीच नव्हता. तो मावशींच्या परसात आहे. साताऱ्याला.

घर आता विकायला काढलंय. जाहिरातीच्या फोटोंत घंटा नाहीत. पण मावशींचं नेपरव्हिलच्या चारला उठणं काही थांबलेलं नाही. कालच अनयाशी बोलणं झालं.

तेव्हा हिशोब असा. रेणूला प्रमोशन मिळालं. श्रीरंगला घरात शांतता मिळाली. घराला त्याची मोलकरीण मिळाली.

किंमत भरली मावशींनी. अजून भरतायत.

आणि नायगारा राहिलाच.