काचेपलीकडची ताई

रक्त तपासणीच्या लॅबचं दार त्याने चुकून ढकललं. त्याला कॅन्टीन हवं होतं.

"इथे चहा मिळत नाही," सूक्ष्मदर्शकावरून मान न उचलता ती म्हणाली. "रक्त मिळतं... तेही दुसऱ्यांचं."

"त्यात माझंही असेल. कालच ताईसाठी मूळ पेशी दिल्यात."

तिने वर पाहिलं. वरच्या मजल्यावर, जंतू लागू नयेत म्हणून काचेआड ठेवलेल्या पेशंटचा भाऊ हा. चित्रकलेचा मास्तर, नखांत अजून निळा रंग.

तिने सरकून त्याला जागा दिली. भिंगाखाली गुलाबी टिकल्या पसरल्या होत्या.

"या लाल पेशी. यांना केंद्रक नसतं. तयार होतानाच बाहेर टाकतात, प्राणवायूला जागा हवी म्हणून."

"दिलदार आहेत. आणि ही जांभळं गाठोडं घेतलेली?"

"पांढरी पेशी. तिचं केंद्रक आहे ते. या सगळ्या हाडांतल्या मज्जेत, एकाच प्रकारच्या मूळ पेशींपासून तयार होतात."

कॅन्टीनचा रस्ता सापडल्यावरही तो रोज येत राहिला. एकदा ती सांगत होती — पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका आपल्याला फक्त आईकडून मिळतात. त्याने भिंगावरून डोळा काढला. आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं होतं.

"म्हणजे मी ताईला दिलेल्या पेशींत... आईचं काहीतरी गेलं?"

"हो. आणि ताईंकडे ते आधीपासून होतंच."

त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. ती उगाच काचपट्ट्या पुसत राहिली.

ताईच्या रक्तात मात्र पांढऱ्या पेशी दिसेनात. त्याची थट्टामस्करी आटली.

"माझ्या पेशी तिच्यात रुजतील ना?"

"खोटं कशाला सांगू... माहीत नाही."

मग एका सकाळी भिंगाखाली एक कोवळी पांढरी पेशी दिसली. शेजारी आणखी एक. पुढे आणखी. तिने डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी नीट पाहिलं, हसले. "जा, तूच सांग."

तो काचेशी उभा राहून फोनवर ताईशी बोलत होता.

"रुजल्या," ती म्हणाली.

तो भिंतीला टेकून खालीच बसला. लोंबकळणारा रिसीव्हर तिने कानाला लावला.

"लॅबवाली ना गं तू?" ताईचा आवाज बारीक, पण मिश्कील होता. "शाळेत विज्ञानात काठावर पास व्हायचा हा. हल्ली तासन्‌तास केंद्रक नि तंतुकणिका ऐकवतो. मी काय समजायचं ते समजले."

तिचे कान तापले.

"काय म्हणते ताई?" त्याने डोळे पुसत विचारलं.

"म्हणतात... तुम्हाला विज्ञान आवडत नाही."

"नाहीच आवडत. तुम्ही आवडता."

"उठा आधी," म्हणत तिने हात पुढे केला. तो उठला, पण हात कुणीच सोडला नाही.

काचेपलीकडे ताईने शहाण्यासारखी कूस बदलली.