हाकोलांच्या धुरांड्याची झडप

डॅरिल ट्रेंबाथ आला तेव्हा हिल्मा रांतानेन बटाटे सोलत होती. टोपी हातात चुरगाळत तो दारातच घुटमळला.

"आत ये. माझं घर आहे, कोर्ट नाही."

कोर्टाचं नाव निघताच त्या तरण्याताठ्या माणसाचा चेहरा पडला. "तिथंच चाललोय, बाई. शेरीफ सोमवारी मला धरणार. म्हातारा वाल्फ्रिड हाकोला माझ्यामुळं मेला म्हणे."

खिडकीशी पेपर घेऊन बसलेल्या ओनीनं मान वर केली. ओनी हिल्माचा दीर. विमा कंपनीसाठी जळकी घरं तपासण्यात हिल्माचा जन्म गेला होता. आता ती लोकांच्या खासगी भानगडी तपासायची. खाण बंद पडल्यापासून ओनी तिची गाडी चालवी. तो बघतो सगळं आणि त्याला कळत काहीच नाही, असं ती चारचौघांत म्हणे. ओनीला ते पटायचं.

"बैस आणि नीट सांग," हिल्मा म्हणाली.

"त्यांच्या दिवाणखान्यात भिंतीतली शेगडी होती, लाकडाची. ती मी गॅसवर करून दिली. मातीचे खोटे ओंडके, खाली बर्नर. वर धुरांड्याच्या तोंडाशी लोखंडी झडप असते ना..."

"आग विझली की लावायची. ऊब वर उडून जाऊ नये म्हणून. आयुष्यभर लावली मी."

"गॅसवर ती पुरती मिटू द्यायची नसते. विषारी वायू घरात कोंडतो, त्याला वासही नसतो. म्हणून झडपेच्या कडेला क्लॅम्प, म्हणजे स्क्रूचा लोखंडी चिमटा, आवळतात, म्हणजे ती मिटूच शकत नाही. मी आवळला, बाई! वाल्फ्रिडला दाखवला. खांद्यापर्यंत हात काळा झाला होता माझा, बायकोनं तो शर्ट फेकून दिला."

"मग?"

"गेल्या रविवारी पहिली थंडी पडली. त्यानं शेगडी पेटवली आणि खुर्चीत त्याचा डोळा लागला. झडप मिटलेली सापडली आणि क्लॅम्प गायब. ज्याला दाखवला तोच गेला. माझं आता कोण ऐकणार?"

हिल्मानं हात पुसले. "भावजी, गाडी काढा."

हाकोलांच्या घरी म्हातारी सायमा ताठ बसली होती. सून मार्लीन तिच्यापासून जमेल तितकी लांब.

"गॅसचं खूळ हिचं," सायमानं सुनेकडे हनुवटी केली. "लाकडावर होतो तोवर माझा नवरा जिवंत होता."

"आई, त्यांना लाकडं उचलवत नव्हती. दोन पायऱ्या चढले की धाप लागायची."

"रविवारी काय झालं?" हिल्मानं विचारलं.

मार्लीन म्हणाली, "आम्ही सगळे चर्चला होतो. आई तिथंच बायकांच्या कॉफीला थांबल्या. बाबांना मी दारात सोडलं आणि तशीच घरी गेले. आत पाऊल टाकलं नाही."

"नाही टाकलं? मग शेगडीपुढची माझी सतरंजी उलटी कुणी घातली? झालर भिंतीकडं! या घरात तशी कुणी घालत नाही."

"दाराला कुलूप होतं?"

"कुलूप कशाला? या गावात चोर नाहीत, नुसत्या सुना आहेत."

मार्लीन रडू लागली. ओनीला कुठं बघावं कळेना.

"भावजी, रिकामे उभे आहात, धुरांड्यात हात घाला," हिल्मा म्हणाली.

"इस्त्रीचा शर्ट आहे, वहिनी!"

"धुणार मीच ना?"

ओनीनं खांद्यापर्यंत हात घातला. झडप हाताला लागली, मिटलेली. आणखी काही नाही. त्यानं हात बाहेर काढला तेव्हा हिल्मा धुरांड्याकडं बघतच नव्हती. ती त्याच्या बाहीकडं बघत होती. बाही होती तशीच पांढरी होती.

"वाचला की शर्ट," ओनी खुशीत म्हणाला.

मग दोघं गॅरेजमध्ये गेले. वाल्फ्रिडचे क्लॅम्प भिंतीवर खिळ्यांना टांगलेले होते, लहानापासून मोठ्यापर्यंत, तेलानं काळे पडलेले. मधलाच एक चकचकीत होता.

"म्हाताऱ्यानं जाता जाता खरेदी केली वाटतं," ओनी म्हणाला. हिल्मानं तो काढून खिशात टाकला. 

परतले तेव्हा ऊर्हो लाम्पी आलेला होता. वाल्फ्रिडचा लहानपणापासूनचा दोस्त. गावातली धुरांडी याच माणसानं झाडलेली. वेलदोड्याचा गोड पाव आणून तो सायमासाठी तुकडे करत होता.

"गॅस आल्यापासून धंदा बसला असेल," हिल्मा म्हणाली.

"बसला? मेला! पण वाल्फ्रिडचं घर मी थोडंच सोडणार? धुरांडं ते धुरांडंच."

"चर्चला नव्हतात रविवारी."

"मी तिकडं जात नाही. पाद्रीही खूश, मीही खूश."

ओनीनं वहिनीला खिडकीशी ओढलं. "हाच तो! पोटावर पाय आला म्हणून सूड घेतला."

"सूड घेणारा क्लॅम्प तळ्यात फेकतो, भावजी. डॅरिलला बोलावून आणा."

डॅरिल आला. हिल्मानं क्लॅम्प टेबलावर ठेवला.

"माझाच!" डॅरिल ओरडला. "कुठं सापडला?"

"वाल्फ्रिडच्या हत्यारांत, त्याच्या मापाच्या जागी. तू लावायला विसरला असतास तर तो तिथं गेला नसता. आणि ज्यानं टांगला त्याला लपवायचं काही नव्हतं. वाल्फ्रिडची वस्तू वाल्फ्रिडच्या जागेवर ठेवावी, एवढंच त्याच्या मनात."

"सासऱ्यांनीच काढला असेल," मार्लीन म्हणाली.

"तो कशासाठी आहे हे त्याला दाखवलं होतं. शिवाय डॅरिलचा हात काळा झाला आणि आमच्या भावजींची बाही पांढरी राहिली. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी धुरांडं झाडलं, छपरावर चढून. वाल्फ्रिडला पायऱ्या चढवत नव्हत्या. सतरंजीही त्यानंच उचलली, ती खराब होऊ नये म्हणून. परत घालताना चुकली."

ओनीला सगळं कळलं. आयुष्यात पहिल्यांदा वहिनीच्या आधी कळलं असावं, असं त्याला वाटलं, आणि ते कळायला नको होतं. तिनं आता दुसरा कुणी शोधावा, कुणी नीच माणूस.

"ऊर्हो," हिल्माचा आवाज खाली आला, "रविवारी धुरांडं झाडलंत ना?"

"झाडलं की! दर वर्षी पहिल्या थंडीला झाडतो, हे लोक चर्चला गेले की. सायमाला काजळीचा कण चालत नाही, म्हणून वाल्फ्रिडनं आणि मी तसंच ठरवलेलं. वर क्लॅम्प दिसला, हसलोच. म्हटलं, म्हातारा विसरला, आणि काढून त्याच्या खिळ्याला टांगला."

"आणि झडप?"

"लावली. मागाहून काजळी पडते ना. पेटवणारा आधी उघडतोच..."

 पावाचा तुकडा त्याच्या हातात तसाच राहिला.

हिल्मा जमिनीकडं बघत म्हणाली, "लाकूड असतं तर घरभर धूर झाला असता. वाल्फ्रिड खोकत, शिव्या देत उठला असता आणि झडप उघडली असती. गॅसनं त्याला उठवलं नाही. आणि क्लॅम्प आहे, झडप मिटूच शकत नाही, या भरवशावर त्यानं वर बघितलंच नाही."

ऊर्हो सायमाकडं वळला. "मला कुणी विचारलं नाही गं," तो म्हणाला. "विचारलं असतं तर सांगितलं असतं."

   मार्लीननं जवळ जाऊन सायमाच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं झटकलाही नाही.

"म्हणजे मी सुटलो?" डॅरिलनं विचारलं, आणि विचारल्याची त्यालाच लाज वाटली.

"ऊर्होनं हे शेरीफला सांगितलं तर," हिल्मा म्हणाली.  

ऊर्हो उठला. "मला कुणी शेरीफकडं नेतं का? मला आता गाडी चालवता येणार नाही."

दाराशी जाऊन तो बाकावर बसला आणि बुटात पाय घातले. नाड्यांशी तो बराच वेळ झटापट करत राहिला, पण बोटं काही केल्या ऐकेनात. शेवटी डॅरिलनं टोपी बाजूला ठेवली, त्याच्यापुढं गुडघे टेकले आणि नाड्या बांधायला घेतल्या. दोघांपैकी कुणालाच घाई नव्हती.