टोपलीखालचा माणूस

सोनाबाई भोईर जिना चढून आल्या तेव्हा निनाद कर्वे भेळ खात होता, आणि खरं सांगायचं तर त्या दुपारी कचेरीत तेवढं एकच काम चालू होतं. पनवेलच्या लाईन आळीतली रंजिता घरतची ही गुप्तहेर कचेरी. इथे लग्नाच्या चौकश्या जास्त, गुन्हे कमी. निनाद तिचा मदतनीस, मनाने अगदी लोणी, पण डोक्याने जरा सावकाश.

सोनाबाईंनी मोबाइल टेबलावर ठेवला. "माजा दादा सापडलाय. तो कुटं हाय, तेवडं सांगा."

दादा म्हणजे बुधाजी. लग्नाला वर्ष व्हायच्या आत घरात भांडून गेला, तो आजतागायत परतला नाही. तेव्हा सोनाबाई अगदी कोवळ्या वयाच्या होत्या, आता त्यांची नातवंडं कॉलेजात आहेत. आणि एवढ्या वर्षांनी 'जुनी खाडी' नावाच्या चर्चेच्या संकेतस्थळावर 'खारकर' नावाचा कुणी सभासद त्यांच्या मिठागराच्या, त्यांच्या घराच्या आठवणी लिहीत होता. सोनाबाई रोज त्याखाली लिहायच्या, दादा, घरी कधी येशील? उत्तर कधी आलं नाही. नवी आठवण मात्र यायची.

अडचण अशी होती की संकेतस्थळ सांभाळणाऱ्या भावेशने खारकरचं सगळं लिखाण एआयचं आहे असं जाहीर केलं होतं, आणि येत्या रविवारी तो ते खातं पुसणार होता.

"पुसलं की दादा परत गेला," म्हणून सोनाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

रंजिताने वाचायला घेतलं. भाषा अगदी इस्त्री केलेली, शाळेच्या पुस्तकातली. एके ठिकाणी लिहिलं होतं, 'भरलेली टोपली डोक्यावर असली की खाली बघता येत नसे. बांधाची कड मी तळव्यांनी ओळखत होतो. टोपलीतलं खारं पाणी मानेवरून पाठीत उतरत राही.' आणि दुसरीकडे, 'मिठागरात पहिल्या दिवशी माझे तळवे सोलून निघाले. संध्याकाळी आईने दारच्या शेवग्याखाली बसवून पायांना खोबरेल चोळलं आणि म्हणाली, कुणाला सांगू नकोस.'

"शेवगा आमच्याच दारात व्हता, आयेचा जीव त्याच्यावर," सोनाबाई म्हणाल्या.

मिठागरात काम कसं चालायचं, असं रंजिताने विचारलं मात्र, बाईंचा चेहराच बदलला. भरतीचं पाणी कोंडीत, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यात, कसं घ्यायचे, उन्हाने त्यावर पांढरी साय कशी धरायची, ते सगळं त्या तिथे बसल्या बसल्या बघू लागल्या. गडी फळीने मीठ ओढून बांधाला लावायचे आणि बायका टोपल्या डोक्यावर घेऊन एका ओळीत राशीकडे न्यायच्या. दादा तर तिथेच रांगला, तिथेच चालायला शिकला. आता त्या जागी भराव घालून इमारती उठल्यात, आणि राशी कुठे होत्या हे नातवंडांना दाखवायचीही सोय राहिली नाही.

भावेशचं ऑफिस जवळच होतं. खारकर आल्यापासून संकेतस्थळावर गर्दी दुप्पट झाली होती, म्हणून रंजिताचा पहिला संशय त्याच्यावर. तो आधी चिडला, मग ओशाळला. गर्दी टिकावी म्हणून त्यानेही दोन-तीन नावांनी एआयकडून आठवणी लिहून घेतल्या होत्या. रंजिताने त्या मागून घेतल्या. त्यांत खारा वारा होता, सोनेरी संध्याकाळ होती, सगळे कसे आनंदात होते.

सोनाबाईंचा मुलगा शैलेश बांधकामाच्या धंद्यात. आईला बरं वाटावं म्हणून तोच मामा झाला असेल, अशी निनादची खात्री. शैलेश म्हणाला की सुचलं असतं तर केलंही असतं, पण त्याने चालू मिठागर कधी पाहिलंच नव्हतं. जाता जाता त्याने चंद्रावतीमामीचं नाव काढलं. बुधाजीची बायको. एकाच आळीत राहून आई तिच्याशी बोलत नाही, कारण दादाला तिनेच घालवला असं आईच्या मनाने घेतलंय.

चंद्रावतीबाईंनी पडवीत चहा दिला. त्या मूळच्या नेरे गावच्या, डोंगराखालच्या. लग्नाआधी खाडीसुद्धा बघितली नव्हती म्हणाल्या. नवऱ्याचा पत्ता ठाऊक नाही. लिहिणं-वाचणं बेताचंच, फोन बोलण्यापुरता. निघताना त्यांनी एवढंच विचारलं, "सोना रोज वाचते काय ते?"

"बुधाजी दुबईत आहे," रिक्षात निनादने निकाल देऊन टाकला. रंजिताने त्याला शेंगदाणे घेऊन दिले, म्हणजे तोंड बंद राहील.

शनिवारी तिने चौघांनाही कचेरीत बोलावलं. सोनाबाई खिडकीशी बसल्या, चंद्रावतीबाई दाराशी, आणि मधे भावेश आणि शैलेश.

"भावेश, भाषा एआयचीच आहे, तिथे तू बरोबर," रंजिता म्हणाली. "पण तुझ्या एआयच्या आठवणींत कुणाचं काही दुखत नाही. इथे मान दुखते, तळवे सोलतात. म्हणजे कुणीतरी खरं सांगतंय आणि यंत्र ते नीट लिहून देतंय."

"म्हणजे बुधाजीच," निनाद म्हणाला.

"डोक्यावर टोपल्या कोण वाहायचं, निनाद? गडी फळी ओढायचे. खारकर ही बाई आहे. सोनाबाई, तुम्हाला ते खटकलं नाही, कारण तुम्ही स्वतः टोपल्या वाहिल्यात. वाचताना तुम्हाला तुमचीच मान आठवली."

सोनाबाईंनी नकळत मानेवर हात नेला.

"आणि जो मिठागरात रांगला, त्याचा तिथे पहिला दिवस कुठला? त्याचे तळवे कशाला सोलतील? ही बाई मोठेपणी बाहेरून आली, तुमच्या घरात आली, आणि तुमच्या आईला आई म्हणाली. अशी एकच आहे. मिठागरातला माणूस म्हणजे पुरुषच, असं यंत्राने गृहीत धरलं आणि तिला पुरुष करून टाकलं."

सगळे दाराकडे बघू लागले. चंद्रावतीबाईंनी नाही म्हटलं नाही. बचत गटात फोनमधल्या एआयला सांगून अर्ज लिहायला आणि पाठवायला शिकवलं होतं, तसंच त्या बोलत गेल्या आणि तो लिहून देई ते 'जुनी खाडी'वर टाकत गेल्या. ते दिवस आठवले की जीव कासावीस व्हायचा, आणि सांगायला कुणी उरलं नव्हतं. यंत्राने काय केलंय ते त्यांना सोनाबाईंनी खाली लिहिलेलं 'दादा' वाचून कळलं. मग थांबवत नव्हतं आणि खरं सांगवत नव्हतं.

"मंग दादा?" सोनाबाईंनी विचारलं.

"मला नाय ठावं. मी पन वाटच बघतेय."

सोनाबाई रडल्या. भाऊ दुसऱ्यांदा गेला होता, आणि या वेळी राग काढायलाही कुणी नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "मी एवडं लिवत व्हते. एकदा तरी उत्तर का नाय दिलंस?"

"तू दादाला बोलवत व्हतीस. मला कुटं?"

भावेशने हळूच खात्याचं काय करू म्हणून विचारलं, तर हात लावशील तर याद राख, असं सोनाबाईंनी त्याला बजावलं. मग त्या उठून दाराशी गेल्या आणि चंद्रावतीबाईंच्या शेजारी बसल्या.

"ओळीत तू माज्या मागं असायचीस. माजी टोपली कलली की मागनं हात लावायचीस. ते का नाय लिवलंस, वयनी?"

"ते तुला ठावंच हाय," चंद्रावतीबाई म्हणाल्या. "ज्यांना ठावं नाय, त्यांच्यासाटी लिवत व्हते."

निनाद डोळे पुसत सगळ्यांसाठी चहा सांगायला खाली गेला.