बाद झालेला रक्तदाता

प्रयोगशाळेचं ते दार आत उघडतं की बाहेर, हे त्या इमारतीत कुणालाच कधी नीट कळलं नव्हतं. त्या सकाळी ते दोघांनी दोन बाजूंनी एकदमच ढकललं, आणि तिच्या हातातला बर्फाचा डबा उडाला. नळ्या फुटल्या. एका भल्या माणसाला गोडीगुलाबीने पटवून काढलेलं रक्त फरशीवर पसरलं.

“डोळे आहेत की बटणं?” ती कडाडली.

दारातला उंच माणूस आधी रक्ताकडे, मग तिच्याकडे बघत राहिला. “सॉरी... मला वाटलं, दार तिकडे उघडतं.”

“दार कुठेही उघडू दे हो, अक्कल कधी उघडणार? आता रक्त कुठून आणू मी? नळाला येतं का ते?”

त्याने शर्टाची डावी बाही दुमडली, आणि हात पुढे केला.

“माझं घ्या. आई म्हणते, रेड्यासारखा निरोगी आहे.”

जंतुनाशकाची बादली घेऊन धावत आलेल्या मावशी फिसकन हसल्या. ती हसली नाही. पण त्या हातावरची ठसठशीत निळी शीर मात्र तिला लांबूनच दिसली. रक्त काढणाऱ्याला अशी शीर दिसली, की राग थोडा तरी उतरतोच.

प्रयोगशाळेत तिला सगळे लवंगी म्हणत. मिरचीसारखी, चण लहान आणि झटका मोठा. काम मात्र धीराचं होतं. आपल्या शरीरातल्या राखणदार पेशी शत्रू दिसला की एकमेकींना निरोप धाडतात. एकीने खिडकीतून हाक मारावी आणि अख्खी आळी जागी व्हावी, तसं. त्या निरोपांना म्हणायचं सायटोकाइन. नव्या लशीमुळे ही हाक किती मोठी उठते, हे ती मोजत होती. त्यासाठी तुलनेला लागायचं शांत रक्त. निरोगी माणसाचं, कुणी न डिवचलेलं, पेशी गाढ झोपलेल्या. ते नसेल, तर लशीने पेशी जाग्या केल्या म्हणून सांगणार कशाच्या जोरावर?

तो वरच्या मजल्यावर बसायचा, संगणकावर प्रथिनांचे आकार मांडत. मावशींनी त्याचं नाव ‘वरचा’ ठेवलं. आणि हा वरचा, रक्त हवं असलं की बोलावल्याबरोबर खाली हजर!

“ताप?” ती दर वेळी विचारायची.

“नाही.”

“सर्दी? गोळ्या? लस?”

“नाही, नाही, नाही. वहिनीसुद्धा लग्नाचं विचारताना इतकी चौकशी करत नाही.”

“मूठ आवळा.”

“कुणावर?”

“माझ्यावर राग येत असेल, तर माझ्यावर.”

“तुमच्यावर... येतच नाही.”

“मला येतो. रोज येतो. सोडा मूठ.”

त्याने मूठ सोडली, पण नजर सोडली नाही. तिने कापसाचा बोळा त्याच्या हातावर जरा जास्तच जोरात दाबला. खिडकीवर पावसाची रिपरिप चालू होती. बोळा दाबायला त्याचा दुसरा हात मोकळा आहे, हे तिच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं...

समितीची बैठक तोंडावर आली. लस पुढे न्यायची की गुंडाळायची, ते तिथे ठरणार होतं. तिने शेवटची चाचणी लावली, आणि प्लॅस्टिकच्या ताटलीतल्या ज्या खळग्यांत हाकेचा रंग यायलाच नको, ते हळदीसारखे पिवळे झाले. लस न दिलेल्या पेशीसुद्धा किंचाळत होत्या!

तिचं टाळकं सरकलं.

“मावशी, बाटल्या धुता की नुसत्या विसळता? जंतूंचा अंश राहिला असणार!”

मावशींनी हातमोजे काढून टेबलावर आपटले. “माझ्या बाटल्या माझ्या जावयापेक्षा स्वच्छ असतात! काचेत तोंड दिसतं. बघ, तुझंच दिसेल, फुगलेलं.”

तिने द्रावणं ओतून दिली. नवी केली. त्याच नमुन्यांतल्या गोठवून ठेवलेल्या पेशी काढून चाचणी पुन्हा लावली. पुन्हा पिवळं. पण आता ती थंड डोक्याने बघायला लागली, तेव्हा दिसलं, की बाकीच्या दात्यांच्या ओळी पाण्यासारख्या स्वच्छ आहेत. पिवळी ओळ एकट्या वरच्याची.

आणि मग आठवलं. शेवटच्या वेळी रक्त देताना त्याने उजवा हात पुढे केला होता.

“आज उजवा?” असं तिने विचारलंही होतं.

“डाव्याला सुट्टी,” तो म्हणाला होता, आणि ती वेड्यासारखी हसली होती.

तिने त्याच्या उरलेल्या नमुन्यात इंटरफेरॉन मोजलं. विषाणू आत शिरला की पेशी हीच आरोळी ठोकतात. आकडा आभाळाला टेकला होता. ताप नाही, सर्दी नाही, तोंडावर टवटवी, आणि डावा दंड दुखरा. त्याने लस घेतली होती. जिवंत विषाणूची, लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांना घ्यावी लागते ती.

प्रवासाला... निघणाऱ्यांना.

जिना ती धाडधाड चढली. त्याच्या खोलीत शेल्फ अर्धं रिकामं होतं, आणि टेबलाखाली चिकटपट्टी लावलेलं खोकं.

“लस घेतलीस!” इतक्या दिवसांचं ‘तुम्ही’ जिन्यातच कुठेतरी गळून पडलं होतं.

तो उभा राहिला. “कुणी सांगितलं?”

“तुझ्या रक्ताने. तुझ्यापेक्षा खरं बोलतं ते. कुठे चाललास?”

“समुद्रापलीकडे... दोन वर्षं. लशीशिवाय तिकडे शिरू देत नाहीत.”

“आणि मला कधी सांगणार होतास? विमानातून हात हलवून?”

“रोज ठरवत होतो. पण लस घेतली म्हटलं, की तुम्ही मला दात्यांतून काढलं असतंत. मग खाली यायला निमित्त काय उरलं असतं? वाटलं, एवढ्याशा रक्ताने काय होतंय...”

“एवढ्याशा रक्ताने? त्या एवढ्याशावर माझी लस उभी आहे! तुझ्या निमित्तापायी मावशींना नाही नाही ते बोलले मी. उद्या समितीला काय सांगू? माझा शांत नमुना प्रेमात—”

तिने जीभ चावली. खोलीत संगणकाचा पंखा तेवढा घरघरत राहिला.

“प्रेमात काय?” त्याने अगदी हळू विचारलं.

“प्रवासात!” ती ओरडली. कान तापले होते. “उद्या समितीसमोर तूच उभं राहायचं. स्वतःच्या तोंडाने सांगायचं. तुझी ओळ पुसून आकडे गोजिरे करायचे, हे मला जमणार नाही.”

“येतो,” तो म्हणाला. “आणि आत्ता आधी मावशींकडे चला.”

मावशींनी दोघांची माफी कमरेवर हात ठेवून ऐकून घेतली. “माफी राहू द्या. आधी त्या दाराचं काहीतरी करा. तिथूनच सगळं सुरू झालं.”

समितीने त्याला चांगलंच झापलं. तो मान खाली घालून उभा राहिला, पण एक शब्द फिरवला नाही. शेवटी निर्णय झाला: लस गुंडाळायची नाही, चाचणी नव्या दात्यांवर पुन्हा करायची. महिन्यांची मेहनत पुन्हा! बाहेर आल्यावर तिचं तोंड फुगलेलंच होतं. पण ती त्याच्या पावलाला पाऊल मिळवून चालत राहिली.

निघायच्या दिवशी तो खाली आला. पाठीवर पिशवी, केस पावसाने ओले. ती पेशी मोजत होती. मान वर केली नाही.

“दाता म्हणून तू कायमचा बाद,” ती म्हणाली.

“म्हणजे... परत यायचं नाही?”

“असं म्हटलं मी? ऐकायला शीक जरा! तुझ्या पहिल्या दिवसाच्या पेशी आहेत माझ्याकडे. खऱ्याखुऱ्या शांत. द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत ठेवल्यात. कुणी हात लावायचा नाही, असं बजावलंय सगळ्यांना.”

“किती टिकतील?”

“वर्षानुवर्षं.” आता तिने मान वर केली. डोळे लाल होते. “माझा राग टिकेल, त्याहून जास्त.”

तो दारापर्यंत गेला. पलीकडून कुणी नाही ना, हे आधी काचेतून पाहिलं त्याने. तेवढं शहाणपण आलं होतं. मग वळला.

“मी तुझ्यावर प्रेम करतो,” तो म्हणाला. ‘तुझ्यावर’ म्हणताना आवाज थोडा अडखळला. “दोन वर्षांत... विसरणार तर नाहीस?”

“हे तू मला विचारतोस? मला?” ती टेबलाला वळसा घालून तरातरा आली, आणि दार हाताने धरून ठेवलं. “एकदा जे आत शिरलं, ते शरीर विसरत नसतं. तेच पुन्हा आलं, की पेशी आधीपेक्षा लवकर उठतात. आणि आधीपेक्षा जोरात.”

“म्हणजे आणखी राग?”

तिने त्याचा डावा हात ओढला, बाही वर केली, लस टोचलेल्या जागी बोट ठेवलं... आणि मग ओठ.

“ये,” ती म्हणाली, “आणि बघ.”