बाण वर

तो शिडीवर होता आणि माझ्या चेलोच्या पेटीचा धक्का त्या शिडीला लागला.

"अहो, जरा बघून! माझं लग्न व्हायचंय अजून!" तो वरून ओरडला.

कलादालनात चित्रं टांगणं हे त्याचं काम. तिथल्या एका मोठ्या निळ्या चित्रावर चार वाद्यांसाठी रचना लिहिणं हे माझं. चित्रात एकच लाल रेघ — डावीकडे चांगली जाड, उजवीकडे बारीक होत नाहीशी झालेली. रचनाही तशीच झाली. चौघं जोरात सुरू करतात, मग एकेक वाद्य गप्प होतं आणि शेवटी उरतो माझा चेलो.

मी रोज वही घेऊन चित्रासमोर बसायची. तो खुर्ची आणून द्यायचा आणि शेजारची स्वच्छ काच उगाच पुसत राहायचा. चार दिवसांत आम्ही अरे-तुरेवर आलो.

रचना त्या चित्रासमोरच वाजवायची होती. त्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मात्र त्याचा चेहरा पडलेला होता.

"एक सांगायचं होतं... हे चित्र मी उलटं टांगलंय. मागे बाण असतो, वरची बाजू दाखवणारा. तो बघायचाच राहिला."

"कधी कळलं तुला?"

"आठवडा झाला."

"आणि आज सांगतोस? उद्या चित्रकार बाई पहिल्या रांगेत बसतील!"

"तेव्हाच सांगितलं असतं, तर... तू चिडून इथे यायची बंद झाली असतीस."

मला संताप आला, रडूही आलं. माझी पहिलीच रचना होती ती. त्याने चित्र सरळ केलं. आता रेघ बारीक सुरू होऊन जाड होत जात होती.

आमच्या चौघांत व्हायोलिन वाजवते ती माझी सख्खी ताई. तालमीला आल्यावर ती म्हणाली, "रडतेस काय? शेवटचा भाग आधी घे, पहिला शेवटी."

वाजवून पाहिलं. एकट्या चेलोपासून चौघांपर्यंत... नाइलाजाने कबूल करते, आधीपेक्षा छान झालं होतं.

दुसऱ्या दिवशी चित्रकार बाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. सगळे पांगल्यावर तो जवळ आला.

"अजून राग आहे?"

"आहे. आठवडाभर गप्प बसलास."

"आता नाही बसत. आवडतेस तू मला."

"आणि हेही उलटं निघालं तर?"

"या वेळी बाण बघून घेतलाय."

मला हसू फुटलं. पेटी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "शिडी सांभाळून चल."

मलाही तो आवडत होता. ते सांगायला मी दारापर्यंतही थांबले नाही.