नागरिकाची बायको

"मेलं हे तावदान!" मी वैतागून म्हटलं. परक्या देशात एक बरं असतं, आपल्या भाषेत कितीही बोटं मोडा, कुणाला कळत नाही.

"मेलं नाही हो... जखमी आहे. वाचेल," खिडकीबाहेरच्या शिडीवरून आवाज आला.

मी गारच पडले! घरमालकानं पाठवलेला काचवाला पावसात नखशिखांत भिजलेला होता आणि वर दात काढत होता. जन्मानं इथलाच, नागरिकही इथलाच, पण आईवडील मराठी. काच बसवून झाली, तरी साहेबांनी काचेच्या कडेनं भरलेली पुट्टी काही वाळेना. दर दोन दिवसांनी ती बघायला हजर! शेवटी मीच विचारलं, "पुट्टी बघायला येता, की मला?"

"पुट्टी... वाळली आहे," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

वर्षभर फिरलो, हसलो, भांडलो. मग मी काम करायचे ती प्रयोगशाळा बंद पडली आणि नोकरीबरोबर इथं राहायची परवानगीही संपत आली. मी बॅग भरायला घेतली, तर हा दारात उभा.

"माझ्याशी लग्न कर ना... नागरिकाच्या बायकोला राहू देतात."

मी हो म्हटलं. पण मनात एक कुसळ राहूनच गेलं. हा स्वभावानंच परोपकारी, शेजारच्या आजींच्या काचा फुकट बसवणारा. माझीही दया आली असेल का? विचारायचा धीर होईना.

लग्न झालं, बायको म्हणून राहण्याचा अर्ज केला. मुलाखतीत दोघांना वेगवेगळ्या खोलीत बसवून तेच प्रश्न विचारतात, म्हणे. मग काय! मी त्याला कामालाच लावलं. चहात साखर किती, भांडी कोण घासतं, सगळं घोकून घेतलं. बिचारा शिडीवरसुद्धा पुटपुटायचा.

आणि तेच अंगाशी आलं! जाड चष्म्याच्या अधिकारी बाईंनी आम्हाला एकत्र बोलावलं. "तुमची उत्तरं शब्दन् शब्द सारखी आहेत. खरे नवरा-बायको असं बोलत नाहीत. लग्न फक्त परवानगीसाठी केलंत का?"

मलाही तर हेच जाणून घ्यायचं होतं.

"बायकोला माहीत नाही असं काहीतरी सांगा," बाई त्याला म्हणाल्या.

तो खाली बघत हळूच म्हणाला, "लग्नाचं विचारायच्या आधी... मी हिच्या वडिलांना फोन केला होता."

"काय? बाबांना?" मी ओरडलेच.

"विचारलं, काका, तुमच्या गावात काचा फुटतात का? हिला इथं राहू दिलं नाही, तर मी तिकडे जाणार होतो. पोटापाण्याचं बघायला नको?"

"मग? बाबा काय म्हणाले?"

"म्हणाले, पुष्कळ फुटतात, ये तू! पण तिला सांगू नकोस, डोक्यावर बसेल."

मला हसू आवरेना आणि रडूही. "वेड्या, मला वाटायचं तुला माझी दया आली!"

"दया? तुझी? अगं, तुझ्याशिवाय करमत नाही मला... कुठंच!"

त्याचा राठ हात मी घट्ट धरला आणि बाईंना म्हटलं, "नाही दिलीत परवानगी, तरी चालेल आता."

बाईंनी चष्मा काढून पुसला.

"आणि दिली तर... चालेल ना?"