लाल नाडीची वही

दिवा लागला आणि मेजावर वही नव्हती.

गाइड ओरडला, "कुणीही हलायचं नाही!"

हलायला जागा होती कुठे? खोली नऊ फूट बाय सात. हे घर ज्या प्रवासी लेखकाचं, तो तरुणपणी बर्फात रुतलेल्या जहाजावर आठ महिने अडकला होता. परत आल्यावर त्यानं घरातच आपल्या केबिनच्या मापाची ही खोली बांधली आणि पुढची सगळी पुस्तकं इथेच बसून लिहिली. झडप लावलेली ताटलीएवढी गोल खिडकी, एक बाक, दोरीपलीकडे एक मेज. मेजावर त्या आठ महिन्यांची रोजनिशी. काळ्या पुठ्ठ्याची, लाल नाडी बांधलेली, कधीही न छापलेली.

दर फेरीला गाइड आतून कुलूप लावायचा आणि मिनिटभर दिवा घालवायचा. अडकणं म्हणजे काय ते कळावं म्हणून. आजही त्यानं दोन्ही हात पसरून मेज दाखवलं, वहीला हात लावू नका म्हणाला, अभिप्रायाची वही बाहेर जिन्यापाशी आहे, जाताना दोन ओळी लिहा म्हणाला. मग अंधार; बाहेरही दिवस मावळला होता.

आत पाच माणसं होती. गाइड, नवं लग्न झालेलं एक जोडपं, निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको. बाई एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होत्या.

"खिसे, पिशव्या, सगळं बाकावर काढा," गाइड म्हणाला.

जोडप्याकडे कंगवा, चार्जर आणि एकच छत्री निघाली. मास्तरांकडे चष्म्याचं घर, रक्तदाबाच्या गोळ्या आणि रुमाल, बाईंच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि पेन. वही कुठेच नाही. गाइडनं संग्रहालयाच्या साहेबांना फोन लावला.

"खिडकी कुणी उघडली?"

"मी," मास्तर म्हणाले. "जीव घुसमटला म्हणून."

"अंधारात बरोबर सापडली?"

"शेजारीच उभा होतो."

"म्हणजे मेजाच्याही शेजारी! वही खिडकीतून खाली, खाली साथीदार. झालं काम."

"अहो, मी मास्तर होतो."

"चोराच्या कपाळावर लिहिलेलं नसतं, काका." गाइडनं काखेतली वही उघडली, पेन काढलं. "नाव, पत्ता सांगा. साहेबांना फोन केलाय. ते पोलिसांना घेऊन येईपर्यंत दार उघडणार नाही. चोरी झाली आहे इथे, चोरी!"

दाराबाहेर पुढच्या फेरीची रांग लागली होती. तिथली कुजबुज एकदम थांबली.

मास्तर बाकावर टेकले. चाळीस वर्षं त्यांनी या लेखकाचं पुस्तक न् पुस्तक वाचलं होतं. ही खोली बघायची म्हणून दोन गाड्या बदलून आले होते. कपाळावर घाम, ओठ कोरडे.

"अगं, मी नाही घेतली."

"मला काय सांगताय? वाचनालयाचं पुस्तक एक दिवस उशिरा द्यायचं तर तुम्हाला रात्रभर झोप लागत नाही." बाईंनी त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण सोडलं आणि गाइडकडे वळल्या. "दादा, एक विचारू? अंधारात दार उघडलं होतं का?"

"नाही. किल्ली माझ्या खिशात आहे."

"दिवा लागल्यावर?"

"नाही म्हणतो ना."

"कुणी बाहेर गेलं? आत आलं?"

"बाई, हा काय बसथांबा आहे?"

"नाही ना? मग तुमच्या हातातली ही वही मध्येच कुठून चढली?"

गाइडचं पेन थांबलं.

"अभिप्रायाची वही आहे ही."

"ती बाहेर जिन्यापाशी आहे. तुम्हीच सांगितलंत. आणि मेज दाखवताना तुमचे दोन्ही हात मोकळे होते."

नव्या नवरीनं पटकन वही ओढून घेतली. "अय्या! पहिल्याच पानावर आजची तारीख. बाकी सगळी कोरी!"

"घर एवढं जुनं आणि अभिप्राय आजपासून?" बाई म्हणाल्या. "खिसेही सगळ्यांचे झाले. एकाचेच राहिले."

गाइडनं स्वतःच खिशात हात घातला. लाल नाडी निघाली.

"मेजावर हीच होती," बाई म्हणाल्या. "कोरी, वर नाडी बांधलेली. दोरीपलीकडून आम्हाला काय कळणार? अंधारात नाडी सोडली, वही काखेत. झडती घेणाऱ्याच्या काखेत कोण बघतंय! तुम्हाला फक्त चोर हवा होता. यांनी खिडकी उघडली आणि तो आयता मिळाला. म्हणजे खरी वही आधीच गेलेली आहे. कुठे?"

"घरी आहे माझ्या." गाइड नाडी बोटाला गुंडाळत म्हणाला. "दुपारी इथे एकटा असलो की वाचायचो. रोज एक पान. पुरवून पुरवून. गेल्या आठवड्यात चहा सांडला. सगळी शाई वाहून गेली, बाई. आठ महिने बर्फात टिकली, माझ्या कपभर चहात नाही टिकली. सोमवारी तपासणी आहे. नोकरी जाईल म्हणून..."

"म्हणून यांची अब्रू घालवायची?"

त्यानं नाडी बाकावर ठेवली.

"दार उघडा. चोरी झाली म्हणून मोठ्यानं ओरडलात ना? खरंही तेवढंच मोठ्यानं सांगा. रांगेसमोर."

कुलूप उघडलं. मास्तर भिंतीला धरून बाहेर आले आणि जिन्याच्या पायरीवर बसले. गाइड रांगेपुढे उभा राहिला.

"या काकांनी काही घेतलं नाही. वही माझ्या हातून खराब झाली. खोटं मी बोललो." मग मास्तरांकडे वळून हात जोडले. "माफ करा."

मास्तर पाणी प्यायले.

"शेवटचं पान वाचलं होतंत?"

"हो."

"काय होतं?"

गाइडनं डोळे मिटले. "'आज बर्फ फुटला. सगळे डेकवर नाचले. मी केबिनमध्ये गेलो आणि दार लावून घेतलं.'"

रांगेतलं कुणीतरी खोकलं. मास्तरांनी बायकोपुढे हात केला. "अगं, पेन दे. आणि काहीतरी कागद."

"साहेब येतील आता," गाइड म्हणाला.

"येऊ देत," बाई पिशवीत पेन शोधत म्हणाल्या. "तोवर पहिल्या पानापासून आठवेल तसं सांगायला लागा. सावकाश. यांचं अक्षर मोठं आहे."